मराठवाड्यातला रक्तपिपासू: विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

नवे विज्ञानकथा लेखक रक्तपिपासूकडे बहुधा दोन वाटांनी येतात. काही जण परदेशी किल्ला, काळा झगा आणि धुकं उचलून थेट नांदेडच्या वेशीवर आणून ठेवतात. काही जण ‘प्रयोगशाळेतून एक विषाणू सुटला’ एवढं लिहून मोकळे होतात. पहिल्या कथेत गाव खोटं वाटतं, दुसऱ्या कथेत शास्त्र खोटं वाटतं, आणि दोन्हीकडे वाचक तिसऱ्या पानापर्यंत टिकत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: कथेत खोटं एकच बोलायचं आणि त्याचा हिशेब पै-पैसहित चुकता करायचा. बाकी सगळं, म्हणजे शरीर, रोग, गाव, ऋतू, दवाखाना, खरं असलं पाहिजे. हे कसं करायचं ते एक नमुना उभा करतच बघू. आपलं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे. वस्ती तीन हजार, कालव्याच्या कडेने ऊस, बाकी रान कोरडवाहू.

पहिली पायरी: काय ठेवायचं, काय सोडायचं

रक्त पिणं, रात्रीच फिरणं, पांढराफटक चेहरा, चावल्यावर दुसऱ्यालाही तीच बाधा, आरशात न दिसणं, लसणाचं वावडं, उडणं, मरण नसणं. सगळं घेऊन निघालात तर एकाही गोष्टीचा धड खुलासा होणार नाही. यादी कागदावर लिहा आणि तीन-चार लक्षणं ठेवून बाकीच्यांवर काट मारा.

आरसा सगळ्यात आधी सोडा. ज्या अंगावरून प्रकाश परततो ते डोळ्यांना दिसतं आणि आरशातही दिसतं. यातलं एक होईल आणि दुसरं होणार नाही असं सांगणारं भौतिकशास्त्र नाही. उडणं सोडा, माणसाच्या वजनाला ते झेपत नाही. लसूणही सोडा. आपल्याकडे लसणाची चटणी नाही असं घर शोधून सापडत नाही, मग लसणाला भिणारा जीव इथे तगेल कसा? शिवाय लसणातली काही द्रव्यं रक्त गोठण्याची क्रिया मंद करतात, म्हणजे रक्त पिणाऱ्याला त्याचा त्रास होण्याऐवजी सोयच व्हायची.

काट मारण्याआधी ही लक्षणं आली कुठून ते जाणून घ्या, कारण तिथेच बरंचसं शास्त्र पडलेलं आहे. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा माणूस मेला. पाठोपाठ गावात आणखी माणसं दगावली, तेव्हा लोकांनी त्याची कबर उघडली. प्रेत सडलेलं दिसलं नाही, तोंडाशी रक्त दिसलं, नखं वाढल्यासारखी वाटली. आज न्यायवैद्यकाचा कुठलाही विद्यार्थी याचा उलगडा करील. पोटात वायू साठून प्रेत फुगतं, त्या दाबाने काळपट लाल द्रव तोंडानाकातून बाहेर येतो, कातडी आकसली की नखं आणि दात लांब दिसू लागतात. अशी प्रकरणं इतकी वाढली की ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने १७५५ साली आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्याकडून चौकशी करवली आणि कबरी उकरण्यावर बंदी घातली.

दुसरा धागा क्षयाचा आहे. १८९२ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मर्सी ब्राउन या तरुणीचं प्रेत गावकऱ्यांनी बाहेर काढलं. आई आणि बहीण आधीच गेलेल्या, भाऊ अंथरुणाला खिळलेला. गावाला वाटलं, मेलेलं कुणीतरी घरातल्यांचं रक्त ओढतंय. तिचं काळीज जाळून त्याची राख भावाला पाजली, तरी तो दोन महिन्यांत गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी त्याआधी दहा वर्षं, १८८२ मध्येच दाखवून दिला होता. एका घरात एकामागून एक माणूस वाळत जाणं, चेहरा उतरणं, खोकल्यातून रक्त पडणं: रोगाची ही चाल कथेच्या फार उपयोगाची आहे. ती लक्षात ठेवा.

आणि तिसरा धागा आपल्या दारातला. वेताळाच्या गोष्टी ज्या बृहत्कथेच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आल्या, तिचा कर्ता गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी होता असं परंपरा सांगते, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. वेताळ करतो काय? प्रेतात शिरतो, ते चालवतो, त्याच्या तोंडून बोलतो. शरीर एकाचं आणि हुकूम दुसऱ्याचा. परजीवी जीवशास्त्रातली सगळ्यात अंगावर काटा आणणारी कल्पना हीच आहे. आपल्या नमुन्याचं मूळ मी इथून घेणार आहे, परदेशी सरदाराकडून नाही.

यादीत आता चार गोष्टी उरल्या: रक्ताची ओढ, रात्र, फिकेपणा आणि चाव्यातून प्रसार.

दुसरी पायरी: पोटाचा हिशेब मांडा

बहुतेक कथा इथेच कोसळतात, म्हणून इथे घाई करू नका.

एक लिटर माणसाच्या रक्तात साधारण २०० ग्रॅम प्रथिनं असतात. साखर आणि चरबी नावापुरती, बाकी बहुतेक पाणी. त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे ८०० कॅलरी. प्रौढ माणसाला दिवसाला २००० कॅलरी लागतात असं धरलं तर निव्वळ रक्तावर जगणाऱ्याला रोज अडीच लिटर रक्त हवं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सगळं मिळून पाच लिटर असतं. म्हणजे दोन दिवसाला एक माणूस. रक्तदान शिबिरात घेतात ती ३५० मिलीची पिशवी त्याला ज्वारीच्या एका भाकरीएवढीच ऊर्जा देईल.

पुढचा प्रश्न लोहाचा. एक मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अडीच लिटरमध्ये झालं सव्वा ग्रॅम, आणि माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन ते चार ग्रॅम. आपलं आतडं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेतं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे खास मार्ग नाही. असा रक्तपिपासू उपाशी मरण्याआधी यकृत निकामी होऊन मरेल. शिवाय रोज पाचशे ग्रॅम प्रथिनं पचवायची म्हणजे मूत्रपिंडावर केवढा ताण.

निसर्गात हे गणित सोडवलेला सस्तन प्राणी म्हणजे रक्तपायी वटवाघूळ. त्याच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच सापडतात. वजन तीस-चाळीस ग्रॅम. एका बैठकीत वजनाच्या जवळपास निम्मं रक्त पितं आणि पिता पिताच लघवीवाटे पाणी टाकू लागतं, नाहीतर त्याला उडताच येणार नाही. दोन-तीन रात्री उपास घडला तर मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: ते रक्त शोषत नाही. पुढच्या दातांनी कातडीचा उथळ तुकडा काढतं आणि झिरपणारं रक्त जिभेने चाटतं. लाळेतल्या द्रव्यामुळे ते गोठत नाही.

दौलताबादच्या अंधारीत किंवा आपल्या लेण्यांत दिसणारी वटवाघळं रक्त पीत नाहीत. मोठ्या कानांची एक जात बेडूक, पाली, उंदीर मारून खाते, पण तीही रक्तावर जगत नाही. त्यांना कथेत रक्तपिपासू करू नका. किडे खाऊन शेतकऱ्याचं काम हलकं करणाऱ्या या प्राण्याबद्दल लोकांच्या मनात आधीच नको तेवढी भीती आहे.

मग आपल्या माणसाने करायचं काय? वाट अशी: रक्त हे त्याचं अन्न नसतंच. तो भाकरीच खातो. रक्तातली एकच वस्तू त्याला हवी असते, ती म्हणजे लोह. पन्नास मिली रक्तात पंचवीस मिलिग्रॅम लोह असतं. रक्तातलं लोह ज्वारी-डाळीतल्या लोहापेक्षा आतड्यात सहज शिरतं. पाव भाग जरी आत गेलं तरी सहा मिलिग्रॅम झालं, म्हणजे शरीर एरवी दिवसभरात घेतं त्याच्या कितीतरी पट. ज्याच्याकडून घेतलं तो जिवंत राहतो, त्याला थोडी चक्कर येते, आणि गावाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. हिशेब जुळला की कथानक आपोआप सुचू लागतं ते असं.

तिसरी पायरी: कारण एक निवडा

खऱ्या रोगांची यादी मोठी आहे आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी ‘हाच तो मूळ रक्तपिपासू’ असा दावा केला आहे. वापरून पाहावेत असे आणि टाळावेत असे काही मी सांगतो.

पॉर्फिरिया टाळा. रक्तातलं हीम नावाचं द्रव्य तयार होण्यात बिघाड होऊन होणारे हे रोग. काही प्रकारांत उन्हाने कातडीला फोड येतात, एका फार दुर्मीळ प्रकारात दात तांबूस होतात. १९८५ साली डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने यावरून रक्तपिपासूचा तर्क मांडला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पण रक्त प्यायल्याने या रुग्णांना काही आराम पडत नाही, आणि त्या प्रसिद्धीपायी खऱ्या रुग्णांना लोकांच्या नजरा मात्र सोसाव्या लागल्या. शास्त्र लंगडं आणि वर माणसांना त्रास. दोन्ही कारणांनी सोडून द्या.

रेबीज जास्त दमदार आहे. स्पेनमधल्या हुआन गोमेझ-आलोन्सो या मेंदुविकारतज्ज्ञांनी १९९८ मध्ये हा संबंध मांडला. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून विषाणू शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत जातो, तिथून लाळेच्या ग्रंथीत उतरतो आणि चावण्याची प्रवृत्ती वाढवतो. झोप उडते, पाणी बघून घशाला आचके येतात. अडचण एकच: लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण काही दिवसांतच दगावतो. त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या कथेला रेबीज जसाच्या तसा पुरत नाही, पण ‘चावा ते लाळ’ ही त्याची वाट उसनी घेण्यासारखी आहे. रेबीजचा उल्लेख कराल तिथे कुत्रं चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लस घ्यायची, हे एखाद्या पात्राच्या तोंडी जरूर घाला. खेड्यात अजूनही हळद-चुना लावून बसणारे आहेत.

पेलाग्रा आपल्या भागाच्या फार जवळचा आहे आणि मराठीत कुणी तो वापरलेला मला दिसला नाही. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हा रोग होतो. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, झोप जाते, शेवटी भ्रम होतो. गळ्याभोवती काळपट पट्टा उमटतो. १७३५ मध्ये स्पेनमधले वैद्य गास्पार कासाल यांनी या रोगाचं वर्णन केलं, म्हणून त्या पट्ट्याला त्यांचं नाव आहे. पश्चिमेकडे हा मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा रोग होता. दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्यांत आढळायचा, आणि हैदराबादला सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. एकाच चुलीवरचं खाणारं अख्खं घर आजारी पडतं, उन्हाला भितं, रात्री जागं राहतं, गळ्यावर खूण असते. दुष्काळातल्या गावात अशा घराबद्दल काय काय बोललं जाईल याचा विचार करा. यात चाव्यातून प्रसार बसत नाही. पण ज्यात राक्षस कुणीच नाही आणि अफवा मात्र माणसं खाते, अशी कथा लिहायची असेल तर यापेक्षा चांगलं बी नाही.

आपल्या नमुन्यासाठी मी कृमी निवडतो. यात तीन खऱ्या गोष्टी आहेत.

अंकुशकृमी ओलसर, सावलीच्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. त्याच्या एका जातीतला एकेक कृमी दिवसाला ०.१५ ते ०.२ मिली रक्त घालवतो. शंभर कृमी असतील तर दिवसाला पंधरा-वीस मिली, म्हणजे लोहाची आवक-जावक पार कोलमडली. माणूस पांढरा पडतो. लोह कमी झालेल्या माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असल्या वस्तू खाण्याची अनावर ओढ लागते, हेही वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. गावात माती खाणारी एखादी गरोदर बाई तुम्हीही पाहिली असेल.

दुसरी गोष्ट हत्तीरोगाच्या कृमीची. त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास अंगभरच्या रक्तात उतरतात, कारण त्यांना वाहून नेणारा डास रात्री चावतो. म्हणूनच या रोगाच्या पाहणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. हे वाक्य पुन्हा वाचा. सरकारी माणसं, रात्रीच्या अंधारात, दारोदार, रक्त मागत फिरतात, आणि त्यात असत्य काहीही नाही. एवढा आयता प्रसंग मी सोडणार नाही.

तिसरी गोष्ट वर आलीच आहे: रेबीजची मेंदूकडून लाळेकडे जाणारी वाट.

तिन्ही गोष्टी निसर्गात आहेत, पण वेगवेगळ्या जिवांत. त्या एकाच कृमीत एकवटल्या, हे आपलं एकमेव खोटं. तो कालव्याकाठच्या उसाच्या ओल्या रानात माणसाच्या पायातून शिरतो. लोह ओढतो. मेंदूवर असा काही परिणाम करतो की मातीची ओढ रक्ताकडे वळते. रात्री त्याची पिल्लं लाळेत येतात. सूत्रकृमींना, म्हणजे अंकुशकृमी आणि हत्तीरोगाचा कृमी ज्या गटात मोडतात त्या धाग्यासारख्या कृमींना, हीम स्वतः बनवता येत नाही, ते बाहेरूनच मिळवावं लागतं. तेव्हा या कृमीला यजमानाने रक्त आणून द्यावं हे त्याच्या गरजेला धरूनच आहे. यापुढे नवं खोटं बोलायचं नाही. अडलात तर मागे जाऊन हेच खोटं दुरुस्त करा.

चौथी पायरी: प्रसाराला लगाम घाला

‘ज्याला चावला तो तसाच झाला’ हा नियम ठेवलात तर पाढा म्हणून बघा. एकाने महिन्याला एकाला चावलं आणि प्रत्येक नवा तेच करू लागला, तर एकाचे दोन, दोनाचे चार. तीन हजारांचं गाव बाराव्या महिन्यात संपतं. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ८७ लाख. ती पंचविसाव्या महिन्यात संपते. मग तुमचा रक्तपिपासू शतकानुशतकं लपून राहिला कसा?

लगाम अनेक आहेत. बहुतेक चाव्यांतून लागण होतच नाही; पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होत नाही, तसं. लागण झाली तरी लक्षणं दिसायला वर्ष लागतं. रान कोरडं पडलं की मातीतली पिल्लं मरतात, म्हणजे दुष्काळ हाच गावाचा रखवालदार ठरतो आणि कालव्याला पाणी सुटलं की धोका वाढतो. मराठवाड्यातल्या वाचकाला पाणी सुटणं म्हणजे आनंद. त्याच बातमीने पोटात गोळा आणता आला, तर कथेने अर्धी बाजी मारली.

अमरत्वाबद्दल थोडक्यात. तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं तेव्हा म्हाताऱ्याच्या स्नायूंची दुरुस्ती सुधारली, असा प्रयोग २००५ मध्ये अमेरिकेत झाला. त्यावरून तरुणांचं रक्तद्रव विकण्याचा धंदा निघाला आणि २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. धंद्याची ही गोष्ट मोठ्या शहरातल्या कथेला छान बसेल. आपल्या कृमीच्या कथेत ती घुसडू नका.

पाचवी पायरी: गावाला कामाला लावा

शास्त्र जुळलं की ते रानात, रस्त्यावर, घरात उतरवायचं. ऊन घ्या. आपला रुग्ण उन्हात जळत नाही. हिमोग्लोबिन पाचवर आलेल्या माणसाला मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत दहा पावलं टाकली तरी धाप लागते, म्हणून तो दिवसभर सपरात पडून राहतो. रात्र घ्या. शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने रात्रीची येते, तेव्हा बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला एकटा माणूस रानात जातो. त्याला रात्री बाहेर काढायला लेखकाला काहीच बनाव रचावा लागत नाही. ऋतू घ्या. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागातली कोयत्यावर जाणारी जोडपी कारखान्यांकडे निघतात, गावात म्हातारी आणि लेकरं उरतात. शिवाय तीच जोडपी उसाच्या ओल्या फडात राबून परत येतात. रोग कुठून आला, कुठे गेला, हे सांगायला एवढं पुरे.

जखम कुठे करायची? मानेवर नको. मानेच्या धमनीला दात लागला तर रक्ताची चिळकांडी उडेल आणि माणूस जागीच जाईल. टाच, पोटरी किंवा दंडावर उथळ काप असू द्या. खाली झोपलेल्या माणसाच्या पायावर सकाळी बारीक खूण दिसली तर घरचे आणि डॉक्टर दोघांनाही आधी मण्यार आठवेल. मण्यार बहुधा रात्री झोपलेल्याला चावते, फारसं दुखत नाही, खूण जेमतेम दिसते, आणि पहाटेपर्यंत पापण्या मिटू लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवेल, पापण्या तपासेल, श्वास बघेल, आणि यातलं काहीच बिघडलेलं नाही हे पाहून बुचकळ्यात पडेल. चुकीचं पण शहाणपणाचं निदान वाचकाला पुढे ओढतं.

फिकेपणाच्या बाबतीत एक कटू गोष्ट लेखकाला ठाऊक हवी. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आलं आहे. म्हणजे आपला रुग्ण गर्दीत उठून दिसणारच नाही. गावात पांढरं पडलेलं माणूस ही बातमी नाही, ही त्या गावाची खरी भीती. कथेत ती जाणवली पाहिजे.

सहावी पायरी: खुलासा बोलू नका, मोजू द्या

शास्त्रज्ञ पात्राने दोन पानं भाषण ठोकलं की कथा मरते. ज्याच्या हातात मोजायचं साधन आहे अशा माणसाला पुढे करा: प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशाताई, पशुवैद्यकीय दवाखान्यातला ड्रेसर. असं काहीतरी:

रात्रीचे साडेदहा. मारुतीच्या पारावर टेबल टाकलेलं. तंत्रज्ञाने बोट पुसून सुई टोचली. थेंब आला तो लाल नव्हता, पातळ गुलाबी होता.

“मावशी, चक्कर येते का?”

“दिवसा येती. रातच्याला बरं वाटतं, सायेब.”

“रात्री झोप लागते?”

“न्हाई लागत. फिरायले मी. कालव्याच्या कडंनं.”

त्याने आशाताईंकडे पाहिलं. त्या वहीत मान घालून म्हणाल्या, “सर, मागच्या महिन्यात ह्यांचं हिमोग्लोबिन चार पॉइंट दोन होतं. रेफर केलं होतं मी. गेल्याच नाहीत.”

“आता?”

“आज संध्याकाळी केलं. नऊ भरलं.”

“गोळ्या चालू केल्या?”

“डबी तशीच आहे घरात. मी मोजल्या गोळ्या.”

थेंब काचेवर पसरवताना त्याच्या लक्षात आलं, मावशी त्याच्याकडे बघत नव्हत्या. काचेकडे बघत होत्या.

यात रक्तपिपासू हा शब्द कुठेच नाही. दोन आकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये न बसणारी एक गोळ्यांची डबी. चारचं नऊ महिनाभरात गोळ्यांशिवाय झालं तर लोह आलं कुठून, हा प्रश्न वाचकाने स्वतः विचारायचा. पुढच्या प्रसंगात तंत्रज्ञ काच सुकवेल, पाण्यात धरून तिची लाली उतरवेल, रंग देईल आणि सूक्ष्मदर्शकाखाली हत्तीरोगाच्या कृमीसारखं पण तो नसलेलं काहीतरी बघेल. तेवढंच दाखवा. कृमी मुळात आला कुठून हे कुणालाच कळलं नाही तरी चालतं; तालुक्याच्या गावच्या तंत्रज्ञाला जेवढं कळू शकेल तेवढंच कथेला कळावं.

बोलीबाबत एक सूचना. परभणीचं ‘करायलो’, लातूरचं ‘करूलालो’ आणि संभाजीनगरकडची बोली एकमेकींत मिसळू नका. खात्री नसेल तर साधी मराठी ठेवा, ती कुणाला खटकत नाही.

सातवी पायरी: कुणाच्या अंगाशी येईल ते बघा

मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांनी काय काय सोसलंय हे जुन्या माणसांना विचारा. कुणाच्या अंगात आलं, कुणी केलं, कुणाची करणी, असं म्हणत एखादी एकटी, म्हातारी, विधवा बाई गावाच्या तोंडी सापडते. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. आपण या भूमीवर रक्त पिणाऱ्या बाईची कथा लिहितोय हे लिहिताना सतत ध्यानात हवं. वरच्या प्रसंगातली मावशी रुग्ण आहे. गाव तिच्यावर उठलं तर कथेने तिच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे, आणि तंत्रज्ञाच्या काचेतला पुरावा तिला वाचवायच्या कामी आला पाहिजे. मृतांना पुरणाऱ्या समाजांच्या चालीरीती निव्वळ कबरीच्या सोयीसाठी कथेत ओढू नका. रुग्ण एखाद्याच जातीचे, वस्तीचे किंवा धर्माचे दाखवू नका. कृमी पाय बघतो, आडनाव बघत नाही.

आठवी पायरी: कथेआधी केसपेपर

आता लिहायला बसा, पण कथा नको. आधी दवाखान्याचा केसपेपर लिहा. वय, काम, गाव, तक्रार किती दिवसांची, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, डोळ्यांची खालची पापणी, पायावरची खूण, डॉक्टरने धरलेलं निदान, दिलेली औषधं. एक पान पुरे. त्याच्या मागे तुमच्या कथेतल्या जिवाचा हिशेब मांडा: तो काय खातो, किती, किती दिवसांनी, न मिळाल्यास काय होतं, दुसऱ्यापर्यंत कसा पोचतो आणि शंभरातल्या किती जणांत.

तो कागद ओळखीच्या नर्सबाईंना किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणाला तरी दाखवा. कथा आहे असं सांगू नका. ‘असा पेशंट आला तर तुम्ही आधी काय कराल’ एवढंच विचारा आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. कुठल्या नळीत रक्त घेतील, कुणाला फोन लावतील, ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागेल, परभणीला पाठवायचं की नांदेडला. यातलं निम्मं तुम्हाला सुचलेलंच नसेल. त्यांनी एखादी गोष्ट ‘असं होत नाही’ म्हणून खोडली, तर ती तुमच्या एकमेव खोट्यात बसते का ते तपासा. बसत नसेल तर काढून टाका आणि केसपेपर पुन्हा लिहा.